वसईच्या तहाचे सतरावे कलम

३१ डिसेंबरला दुपार कलली की वसई रोड स्थानकाबाहेर रिक्षा मिळणे मुश्कील होते. अर्नाळा, राजोडी, कळंब, सुरुचीची बाग, सगळीकडे मुंबईकरांची रीघ लागते. किल्ल्याकडे मात्र त्या दिवशी फारसे कुणी फिरकत नाही. समुद्र दरवाजातून बाहेर पडले की कोळ्यांच्या होड्या लागतात, पाचूबंदरच्या बाजूने वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो आणि पाठीमागे फिरंग्यांनी बांधलेला काळा तट उभा असतो. याच गावात १८०२ सालच्या ३१ डिसेंबरला एका कागदावर शिक्के उठले. शाळेत आपण सगळ्यांनी ‘वसईचा तह’ पाठ केला, त्यातली तैनाती फौज आणि सव्वीस लाखांचा मुलूख परीक्षेत लिहिला. सतरावे कलम मात्र कुणी शिकवले नाही. त्याचा आशय असा की यापुढे पेशव्यांनी कोणत्याही दुसऱ्या सत्तेशी बोलणे सुरू करण्याआधी किंवा चालू ठेवण्याआधी कंपनी सरकारला कळवावे आणि त्यांच्याशी मसलत करावी. तहातल्या दुसऱ्या एका कलमाने कंपनीच्या दोस्तांवर हत्यार उचलण्यासही मनाई होती. तंटा झालाच तर कंपनी सांगेल तो निवाडा. ज्यांनी अटकेपर्यंत घोडी नेली, त्यांना आता मोहिमेवर निघण्याआधी विचारावे लागणार होते.

लढाईला निघण्याआधी राजाने कुणाला विचारायचे? आज या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर न्यूयॉर्कमधल्या सुरक्षा परिषदेकडे बोट दाखवते. पण प्रश्न फार जुना आहे, आणि तो ज्या वाटेने आला ती वाट कितीतरी वेळा आपल्या वसई तालुक्यातून गेली आहे. ती वाट आपण सुरुवातीपासून चालू या.

सुरुवात नालासोपाऱ्याला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. चौदा लेखांच्या मालिकेतला तेरावा लेख कलिंगच्या लढाईचा. त्याचा तुकडा इकडे सापडलेला नाही, पण इतरत्र तो शाबूत आहे. त्यात राजा स्वतःच सांगतो की एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, आणि आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो. मुलानातवंडांनी नवा मुलूख जिंकण्याचे मनातही आणू नये. इथे विचारायचे ते स्वतःच्या मनाला, तेही लढाई संपल्यावर. दुसऱ्या बाजूला कौटिल्याचे अर्थशास्त्र. शत्रू कोण, मित्र कोण, मध्यम आणि उदासीन राजे कोण, याचे मंडल आखून संधी करायचा की विग्रह, हे ठरवायचे. शेजाऱ्यांचे मत तिथे विचारात घेतात ते हिशेबासाठी. त्यांची परवानगी लागते असे कौटिल्य कुठे म्हणत नाही.

परवानगीचा पहिला लेखी कागद आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी आणला. १४५५ मध्ये पोप पाचव्या निकोलसने आज्ञापत्र काढून पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्ती नसलेल्यांवर चालून जाण्याचा, त्यांचे मुलूख घेण्याचा अधिकार दिला. १४९४ मध्ये तोर्देसिल्यासच्या तहाने पोर्तुगाल आणि स्पेन यांनी महासागरच आपसात वाटून घेतला. त्या काळच्या युरोपपुरती ही आंतरराष्ट्रीय मान्यताच होती. तिच्यात ज्यांचा मुलूख जायचा त्यांना कुणी विचारले नाही, एवढीच काय ती त्रुटी! या कागदांच्या जोरावर आलेल्या नुनू द कुन्याने १५३४ च्या २३ डिसेंबरला वसईसमोर नांगरलेल्या साओ मातेउस या गलबतावर गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि आजूबाजूची बेटे लिहून घेतली. हुमायूनच्या धास्तीने सुलतान वाकला होता. तहातल्या अटी पाहा. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती गलबतांनी वसईला येऊन परवाना घ्यायचा, सुलतानाने आपल्या बंदरात लढाऊ जहाजे बांधायची नाहीत, तुर्कांशी हातमिळवणी करायची नाही. सतराव्या कलमाचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

पोपच्या अधिकाराला युरोपातच सुरुंग लागला. सालामांका विद्यापीठातल्या व्हितोरिया नावाच्या पाद्र्याने १५३९ मधल्या व्याख्यानांत सांगितले की धर्म वेगळा एवढ्या कारणावरून कुणावर युद्ध करणे न्याय्य नाही आणि पोप काही साऱ्या जगाचा धनी नव्हे. पुढे डच कायदेपंडित ग्रोशियसने १६०९ मध्ये समुद्र सर्वांचा आहे असे प्रतिपादन केले. अर्थात त्याच्या मागे डच कंपनीने पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाचा माल होता, हेही खरे. आंतरराष्ट्रीय कायद्याची उगमस्थाने शोधू गेले की अशी चिखलाची डबकी वारंवार लागतात.

मराठ्यांची रीत निराळी होती. आधी मुलूख ताब्यात घ्यायचा, मग त्यावर दिल्लीचा शिक्का मिळवायचा. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. दिल्लीचा बादशहा तेव्हा सय्यद बंधूंच्या मुठीत होता. त्याची संमती म्हणजे काय ते सातारकरांना चांगले ठाऊक होते. तरी कागद हवा होता, कारण वसुलीला गेलेल्या कमाविसदाराच्या हातात कागद असला की गावचा पाटील निम्मा वाद घालत नाही.

वसईच्या मोहिमेसाठी असा कागद कुणाकडे मागायचा प्रश्नच नव्हता. अंजूरचे गंगाजी नाईक आणि साष्टी-वसईतली इतर मंडळी फिरंग्यांच्या धार्मिक जाचाविरुद्ध कित्येक वर्षे पेशव्यांकडे दाद मागत होती. आजच्या भाषेत त्याला ‘मानवतावादी हस्तक्षेपाची मागणी’ म्हणतील. १७३७ च्या मार्चअखेर ठाणे पडले, अर्नाळा हाती आला. वसईला मात्र दोन वर्षे लागली. चिमाजी अप्पांनी सान सेबास्तियांवच्या बुरुजाखाली सुरुंग लावले आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला वाकला. मला लढाईपेक्षा शरणागतीचा करार अधिक बोलका वाटतो. शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवत, बायकामुलांसह बाहेर पडावे असे ठरले, आणि ते पाळले गेले. चर्चच्या घंटा मात्र देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला घाटावर टांगलेली घंटा पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. मुंबईकर इंग्रजांनी या साऱ्यात काय केले? कॅप्टन इंचबर्डला वसईत चिमाजी अप्पांकडे धाडले आणि दोन महिन्यांच्या आत दोस्तीचा करार करून टाकला. जिंकणाऱ्याला अशी मान्यता लगेच मिळते.

आता आपण त्या प्रकरणाशी येतो, जे या सगळ्या वाटेवर मला सर्वांत रंजक वाटते, आणि ज्याचे केंद्र पुन्हा वसईच आहे. १७७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने नियामक कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिले की मुंबई आणि मद्रासच्या इंग्रजांनी कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल आणि कौन्सिलच्या पूर्वसंमतीशिवाय देशी राज्यांशी युद्ध सुरू करू नये की तह करू नये. अगदीच गळ्याशी आले तर गोष्ट वेगळी. युद्धाआधी परवानगी घ्यायची ही अट इतक्या नेमक्या शब्दांत आपल्याकडे प्रथमच आली. आणि शाई वाळते न वाळते तोच मुंबईकरांनी ती मोडली. १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला रघुनाथरावांशी तह केला. पेशवाईच्या गादीवर बसवतो, बदल्यात साष्टी आणि वसई द्या! वसईवर त्यांचा डोळा कधीपासूनचा होता.

कलकत्ता खवळले. हे युद्ध अविचाराचे, धोक्याचे, परवानगीवाचूनचे आणि अन्यायाचे आहे, असे ठणकावून त्यांनी फौजा मागे घ्यायला सांगितले आणि कर्नल अप्टनला परस्पर पुण्याकडे धाडले. १७७६ च्या १ मार्चला पुरंदरचा तह झाला. वसई मराठ्यांकडे राहिली. मुंबईकरांनी तोवर आपले गाऱ्हाणे थेट लंडनला पाठवले होते. त्याच वर्षी कंपनीच्या संचालकांचे उत्तर आले, की सुरतेचा तह आम्हाला पसंत आहे. म्हणजे खालच्या कचेरीने नाकारलेला अर्ज वरच्या कचेरीने मंजूर केला. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

पुढे १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौज मराठ्यांच्या कचाट्यात सापडली आणि घेतलेला मुलूख परत करण्याचा करार लिहून देऊन सुटली. सुटका होताच मुंबईकर आणि कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज दोघेही म्हणाले, की हा करार आम्हाला बांधील नाही, कारण सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. अधिकार नसताना युद्ध करता आले, पण अधिकार नसताना केलेला तह मात्र मोडता आला. नाना फडणविसांनी हे वाचले तेव्हा त्यांची मुद्रा कशी झाली असेल, याची कल्पना करून पाहावी. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतलीच. तिच्या मदतीला निघालेले रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडला धारातीर्थी पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई पुन्हा मराठ्यांकडे आली. दोनच वर्षांनी, १७८४ मध्ये, पिटच्या कायद्यात पार्लमेंटने लिहिले की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणे हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला सोडून आहे, आणि लंडनच्या हुकुमाशिवाय गव्हर्नर जनरलने युद्ध पुकारू नये. याच कायद्याच्या अमलाखाली कंपनीने पुढच्या चौतीस वर्षांत मराठेशाही संपवली.

या पार्श्वभूमीवर १८०२ कडे पाहू. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशव्यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असा पळत, इंग्रजांच्या आश्रयाने डिसेंबरात वसईला पोहोचला. ज्या किल्ल्यासाठी त्याच्या चुलत आजोबांनी दोन वर्षे मोर्चे लावले, तिथे तो कर्नल क्लोजची वाट पाहत बसला. तह एकोणीस कलमांचा. सहा हजार पायदळ कायमचे पेशव्यांच्या मुलखात राहणार, त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा प्रदेश तोडून द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोपवायचे. आणि सतरावे कलम. शब्द मोठे सभ्य आहेत: पूर्वसूचना, परस्पर मसलत. परस्पर म्हटले म्हणजे दोन्हीकडून आले. पण गव्हर्नर जनरल वेलस्लीने पुढच्या वर्षी शिंद्यांवर युद्ध पुकारण्याआधी पेशव्यांची मसलत घेतली, असे कुणी ऐकले आहे काय?

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची तक्रार आणखी वेगळी होती. पेशव्यांनी आम्हाला न विचारता एवढा तह केलाच कसा? मराठी मंडळातही संमतीची एक रीत होती, आणि बाजीरावाने ती आधीच पायदळी तुडवली होती. १८०३ मध्ये असई, दिल्ली, लासवारी, आडगाव इथल्या लढाया झाल्या आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह होऊन मामला मिटला. लंडनमधल्या कॅसलरीने वसईच्या तहाच्या शहाणपणाविषयी शंका काढणारे टिपण लिहिले ते १८०४ मध्ये. तोवर मुलूख खिशात आला होता, त्यामुळे टिपण फायलीला लागले. पार्लमेंटची संमती अशी नंतर, आणि कुरकुरत, मिळत असे.

मधली शंभर वर्षे आपण भरभर ओलांडू. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आला. त्याच्या करारात अट होती की तंटा लवादाकडे न्यावा आणि निवाड्यानंतर तीन महिने तरी युद्धाला हात घालू नये. हिंदुस्थान पारतंत्र्यात असूनही त्याचा मूळ सभासद होता. १९२८ च्या २७ ऑगस्टला पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियां करार झाला आणि राष्ट्रांनी युद्ध हे धोरणाचे साधन म्हणून वर्ज्य केले. हिंदुस्थानच्या वतीने त्यावर सही केली लॉर्ड कशेंडन या इंग्रज मंत्र्याने. युद्ध करण्याचा हक्क ज्या देशाकडून हिसकावून घेतला होता, त्याच्याकडून तो हक्क सोडल्याचेही लिहून घेतले गेले. १९४५ मध्ये सान फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद झाली. तिने कोणत्याही राष्ट्राच्या अखंडतेविरुद्ध बळ वापरण्यास बंदी केली आणि दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. हल्ला झाल्यास स्वसंरक्षण करावे, त्याला आधी परवानगी नको, फक्त तत्काळ कळवावे. बाकी बळ वापरायचे तर सुरक्षा परिषदेने तसे ठरवायला हवे. आणि परिषदेतल्या पाच बड्यांना नकाराधिकार. सतरावे कलम सगळ्या जगाला लागू झाले, पाच घरे सोडून.

स्वतंत्र भारताची पहिली कसोटी मराठवाड्याच्या दारात लागली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, परिषदेत चर्चा उभी राहिली ती १६ ला, आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. थोड्याच दिवसांत त्याने तक्रारही मागे घेतली. दिल्लीने त्या कारवाईला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. युद्ध म्हटले नाही की परवानगीचा प्रश्न उरत नाही.

दुसरी कसोटी आपल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेला, दादरा आणि नगर हवेलीत. १९५४ च्या २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले ते स्वयंसेवकांच्या हातून. त्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. भारत सरकारने सैन्य पाठवले नाही. त्याने दमणहून निघू पाहणाऱ्या पोर्तुगीज फौजेला आपल्या हद्दीतून वाट नाकारली, एवढेच. पोर्तुगाल १९५५ च्या १४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांत दाखल झाले आणि आठच दिवसांनी, २२ डिसेंबरला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा घेऊन उभे राहिले. दाव्याचा आधार काय, तर पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा!

हेगच्या प्रासादात जगातले नामांकित न्यायाधीश पुणे दरबाराचे कागद तपासत बसले आहेत, हे दृश्य मला फार आवडते. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड, आणि न्यायासनावर भारताने नेमलेले महंमद करीम छागला. मुद्दा असा, की पेशव्यांनी पोर्तुगीजांना ही गावे सार्वभौम हक्काने दिली, की बारा हजार रुपये वसुलाचा नुसता सरंजाम लावून दिला? न्यायालयाने कागदांची भाषा तपासली आणि म्हटले की मराठ्यांना मुलूख कायमचा द्यायचा असे तेव्हा ते तसे स्वच्छ लिहीत. इथे तसे शब्द नाहीत. जुन्या कारकुनाने नेमका शब्द वापरला होता, तो पावणेदोनशे वर्षांनी कामी आला. मात्र पुढे न्यायालयाने असेही धरले की मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मुकाट्याने मान्य केली होती. १९६० च्या १२ एप्रिलला निकाल लागला. माणसांना आणि मालाला वाट होती, हे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र फौजेला नव्हती, हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा. एका मताने तोललेला तो मधला निकाल पाहिला की आंतरराष्ट्रीय कायदा ही निव्वळ बड्यांची थट्टा आहे, असे म्हणणे मला जड जाते.

गोव्याच्या वेळी मात्र कुणी हेगची वाट पाहिली नाही. १९६१ च्या १७-१८ डिसेंबरच्या रात्री फौजा निघाल्या, १९ ला पणजीवर तिरंगा चढला. १८ ला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले. आपले सी. एस. झा यांनी उत्तर दिले की हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, साडेचारशे वर्षांच्या बेकायदा कब्ज्याला हद्द म्हणता येत नाही. युद्ध थांबवून माघार घ्या, हा ठराव सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला असता. त्या चारांत सोव्हिएत रशिया होता, म्हणून तो बारगळला. लंका, लायबेरिया आणि इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताक हे बाकीचे तिघे. ज्या नकाराधिकाराला आपण एरवी नावे ठेवतो, त्यानेच त्या रात्री आपल्याला तारले. माझ्या मते गोव्यातली कारवाई न्याय्य होती. पण ती सनदेच्या अक्षराशी जुळत होती असे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

पुढे उलट वेळही आली. २००३ मध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेची स्पष्ट संमती न घेता इराकवर हल्ला केला आणि मग भारताकडे सैन्य मागितले. १४ जुलैला दिल्लीने सांगितले, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. पोरांना परमुलखात न पाठवण्यासाठी तोच कागद ढालीसारखा पुढे धरता आला.

गोव्याचा कागद मात्र १९६१ नंतरही अपुराच होता. लिस्बनने तेरा वर्षे हार मानली नाही. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाअखेर परराष्ट्रमंत्री मारियू सुआरिश दिल्लीला आले. भारताच्या वतीने सही करायला होते कराडचे यशवंतराव चव्हाण. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली ज्या ज्या तारखेला भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले, त्या त्या तारखेपासून पोर्तुगालला भारताचे सार्वभौमत्व मान्य आहे, असे त्या तहात लिहिले आहे. तहाची तारीख ३१ डिसेंबर.